प्रवासातला पडदा : कोणता घ्यावा, कसा वापरावा?

उन्हाळ्याची सुट्टी लागली, की पनागरसारख्या गावातील मराठी घरांत नागपूरच्या वाटेची चर्चा सुरू होते. कुणाची मावशी धरमपेठेत, कुणाचे काका महालात, तर कुणाचे आजोळ रामटेकजवळ. हे नाते आजचे नाही. जबलपूरचा मुलूख १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे होता. पुढे १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत नागपूर हीच मध्य प्रदेशाची राजधानी होती. त्या वर्षी उच्च न्यायालय जबलपूरला गेले आणि त्याच्याबरोबर वकील, कारकून, शिक्षक अशी अनेक मराठी माणसे नर्मदेकाठी स्थिरावली. जवळची मंडळी मात्र मागे नागपूर-विदर्भातच राहिली. त्यामुळे वर्षातून एकदोनदा तरी हा प्रवास घडतोच.

प्रवास आहे जवळजवळ तीनशे किलोमीटरचा. जबलपूर शहर ओलांडायचे, तिलवाराच्या पुलावरून नर्मदेला हात जोडायचे आणि मग लखनादौन, छपारा, सिवनी, खवासा, देवलापार, मनसर करत नागपूर गाठायचे. पाच-सहा तास सहज जातात. मोठ्यांना गप्पा असतात, मुलांना नसतात. पहिल्या तासाभरातच ''अजून किती लांब?'' हा प्रश्न येतो, दुसऱ्या तासाला मागच्या सीटवर हातापायी होते. अशा वेळी ''गाडीत मुलांसाठी काहीतरी व्हिडिओचे घ्यायला हवे,'' असा विचार घरात निघणे साहजिक आहे.

विचार वाईट नाही, पण घाईने केलेली खरेदी मात्र हमखास फसते. कधी वस्तू दोन प्रवासांतच बंद पडते, कधी मुलांना उलट्या होतात, कधी ऐन वाटेत चित्रपट सुरूच होत नाही. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी काही गोष्टी नीट समजून घ्याव्यात.

चकतीपासून टॅब्लेटपर्यंत

हातात धरून नेता येईल असा पहिला डीव्हीडी प्लेअर पॅनासॉनिकने १९९८ मध्ये आणला. त्याचा पडदा जेमतेम ५.८ इंचांचा होता. भारतात त्या काळी व्हीसीडीचे राज्य होते. पुढे २००७ च्या सुमारास मोझर बेअर या भारतीय कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला सुरुवात केली आणि चित्रपटांच्या चकत्या किराणा दुकानापर्यंत पोहोचल्या. झाकण उघडले की पडदा आणि खाली चकतीची जागा, असे छोटे प्लेअर याच काळात घरोघर आले.

मग २०१० मध्ये आयपॅड आला, पाठोपाठ स्वस्त टॅब्लेट आले, मोठ्या पडद्यांचे मोबाइल आले आणि चकतीचे दिवस सरले. मोझर बेअर कंपनीच २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. आज नव्या चित्रपटांच्या चकत्या दुकानात शोधाव्या लागतात. तरीही डीव्हीडी प्लेअर बाजारातून पुरता नाहीसा झालेला नाही. त्यामुळे ग्राहकापुढे मुख्यतः तीन पर्याय उरतात : छोटा डीव्हीडी प्लेअर, टॅब्लेट, किंवा घरातलाच जुना मोबाइल.

आधी गरज ओळखा

दुकानात जाण्यापूर्वी घरात बसून तीन प्रश्नांची उत्तरे शोधावीत. पाहणारे किती आणि कोणत्या वयाचे? वर्षातून असे प्रवास किती होणार? आणि दाखवायचे काय, ते आपल्याकडे आहे कुठे : चकत्यांवर, पेनड्राइव्हवर की इंटरनेटवर?

वर्षातून दोनच प्रवास होणार असतील आणि मूल एकच असेल, तर नवी वस्तू घेण्याची गरज नसते. कपाटात पडलेला जुना मोबाइल साफ करून, त्यात चित्रपट भरून, पाठीला एक चांगला होल्डर लावला तरी भागते. दोन-तीन मुले असतील तर मात्र मोबाइलचा पडदा अपुरा पडतो आणि भांडण मिटण्याऐवजी वाढते. तेथे आठ ते दहा इंचांचा पडदा हवा.

डीव्हीडी प्लेअर कुणी घ्यावा?

ज्यांच्या घरी मुलांच्या गोष्टींच्या, कीर्तनाच्या किंवा जुन्या चित्रपटांच्या भरपूर चकत्या आहेत, त्यांना हा प्लेअर अजूनही उपयोगी पडतो. त्याला इंटरनेट लागत नाही, पासवर्ड लागत नाही, जाहिराती येत नाहीत. टचस्क्रीनचा सराव नसलेल्या आजी-आजोबांनाही 'चकती घाला, बटण दाबा' हा हिशेब पटकन कळतो.

पण घेताना चार गोष्टी तपासाव्यात. पहिली, पडद्याची प्रत. डीव्हीडीच्या चित्रात ७२० बाय ५७६ ठिपके असतात, पण सात इंचांच्या अनेक स्वस्त प्लेअरच्या पडद्यावर ते ४८० बाय २३४ इतकेच असतात. साहजिकच चित्र भुरकट दिसते. खोक्यावर छापलेल्या इंचांवर न विसंबता पडदा स्वतः एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजावा. दुसरी, धक्के. प्लेअर दुकानातच हातात धरून हलवून पाहावा. चित्र अडखळले, तर खड्ड्यांच्या रस्त्यावर तो काय करेल हे सांगायला नको. तिसरी, विभाग. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत. भारत पाचव्या विभागात येतो आणि अमेरिका पहिल्या. परदेशातील नातेवाइकांनी पाठवलेली चकती आपल्याकडे चालेलच असे नाही. आणि चौथी, यूएसबीची जागा. पेनड्राइव्ह लावता येणारा प्लेअरच घ्यावा, म्हणजे चकत्या संपल्या तरी तो निकामी होत नाही.

याच ठिकाणी एक काम आठवणीने करून टाकावे. अनेक घरांतील लग्न-मुंजीचे चित्रण घरी किंवा स्टुडिओत भरलेल्या चकत्यांवर आहे. अशा चकत्या वर्षानुवर्षे टिकतीलच याची खात्री नसते. उष्णतेने, ओलीने त्या खराब होतात. त्यांची प्रत संगणकावर आणि पेनड्राइव्हवर काढून ठेवली तर चित्रण वाचेल आणि प्रवासात आजीला नातवंडांना दाखवायला आईवडिलांचे लग्नही हाताशी राहील.

टॅब्लेट घेताना

बहुतेक कुटुंबांसाठी आज टॅब्लेट हाच सोयीचा पर्याय आहे. साधारण दहा ते पंधरा हजारांत कामापुरता टॅब्लेट मिळतो आणि प्रवास संपल्यावर मुलांच्या अभ्यासालाही येतो. जबलपूरच्या जयंती कॉम्प्लेक्समध्ये फेरी मारली तर दहा दुकानदार दहा नावे सुचवतील. त्यांचे ऐकावे, पण प्रश्न आपले विचारावेत.

चित्रपट भरायला जागा किती आहे, हा पहिला प्रश्न. टॅब्लेटवर ६४ जीबी लिहिलेले असले, तरी त्यातील बरीच जागा त्याच्या स्वतःच्या प्रणालीने व्यापलेली असते. मेमरी कार्ड घालता येत असेल तर उत्तम. साध्या प्रतीचा दोन तासांचा चित्रपट साधारण दीड जीबीत मावतो. म्हणजे ३२ जीबीच्या कार्डावर पंधरा-वीस चित्रपट आरामात बसतात. इतके कोणत्याही सुट्टीला पुरतात.

दुसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. नेटफ्लिक्ससारख्या सेवा आपले चित्रपट वाइडवाइन नावाच्या कुलूपप्रणालीतून दाखवतात. टॅब्लेटला त्यातला 'एल-१' हा दर्जा असेल तरच चित्र स्पष्ट दिसते. काही स्वस्त टॅब्लेटना 'एल-३' हाच दर्जा असतो. त्यांचा पडदा कितीही उत्तम असला, तरी या सेवांवरचे चित्र साध्या प्रतीचेच येते. खोक्यावर ही माहिती बहुधा नसते. दुकानातच चालवून पाहणे हाच उपाय.

तिसरा प्रश्न हेडफोनच्या छिद्राचा. अलीकडच्या काही टॅब्लेटना ते नसतेच. दोन भावंडांना एकच चित्रपट ऐकायचा असेल, तर छिद्रात बसणारी आणि एकाच्या दोन वायरी करणारी साधी जोडणी सर्वांत स्वस्त आणि बिनत्रासाची ठरते.

आणि सर्वांत महत्त्वाचे : चित्रपट आधी उतरवून ठेवावेत. सिवनीच्या पुढे पेंचच्या जंगलात मोबाइलचे नेटवर्क भरवशाचे नसते. इंटरनेटवर अवलंबून राहिलेला पडदा नेमका तेथेच थांबतो. उतरवून ठेवलेल्या चित्रपटांनाही मुदत असते. काही सुरू केल्यावर ४८ तासांतच बाद होतात. यावर घरगुती उपाय असा, की निघण्याच्या आदल्या रात्री टॅब्लेट विमान मोडवर टाकावा आणि प्रत्येक चित्रपट दोन मिनिटे चालवून पाहावा. जो तेव्हा चालतो तोच वाटेत चालतो.

गाडीच्या यूएसबीत पेनड्राइव्ह लावण्याचा विचार असेल तर आणखी एक खाच लक्षात ठेवावी. बऱ्याच गाड्यांना फॅट-३२ या जुन्या पद्धतीने तयार केलेला पेनड्राइव्हच कळतो आणि त्या पद्धतीत चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. उत्तम प्रतीचा लांबलचक चित्रपट भरताना अडला, तर दोष पेनड्राइव्हचा नसतो.

विजेचा हिशेब

''गाडीत चार्जर आहे ना, मग काळजी कसली?'' असे म्हणून निघणारे वाटेत फसतात ते का? हिशेब सोपा आहे. चित्रपट दाखवताना टॅब्लेट साधारण चार ते पाच वॅट वीज खातो. जुन्या गाड्यांतील यूएसबीचे छिद्र बरेचदा अडीच वॅटच देते. म्हणजे वायर लावलेली असूनही बॅटरी उतरतच जाते. त्यापेक्षा लायटरच्या जागी बसणारा दहा-पंधरा वॅटचा चांगला चार्जर घ्यावा. घरून पूर्ण भरलेला टॅब्लेट तसाही सहा-सात तास चालतो. छोट्या डीव्हीडी प्लेअरला मात्र चकती फिरवावी लागते, त्यामुळे त्याची बॅटरी दोन-तीन तासांतच मान टाकते.

पॉवर बँक घेताना त्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, हे पाहावे. ही नोंदणी कायद्याने सक्तीची आहे. 'बीआयएस केअर' या मोबाइल अॅपवर क्रमांक घातला की तो खरा की खोटा ते कळते. रस्त्यावरच्या बिननावाच्या पॉवर बँकेत दोनशे रुपये वाचतात, पण ती तापते मुलाच्या मांडीशेजारी.

पडदा कुठे लावावा?

मुलाच्या मांडीवर पडदा ठेवला की मान खाली जाते. डोळ्यांना स्थिर चित्र दिसते, पण कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय मात्र गाडीचे प्रत्येक वळण टिपत असते. मेंदूकडे दोन परस्परविरोधी बातम्या जातात आणि मळमळ सुरू होते. यालाच आपण 'गाडी लागणे' म्हणतो. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास अधिक होतो.

म्हणून पडदा पुढच्या सीटच्या पाठीला, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावा, म्हणजे कडेने बाहेरचा रस्ताही दिसत राहतो. कुरईच्या घाटासारखा वळणांचा रस्ता लागला, की पडदा बंद करून काचेबाहेर दूर पाहायला सांगावे. ज्या मुलाला वाचताना गाडी लागते, त्याला पडदा दाखवूच नये. त्याच्यासाठी ऐकायच्या गोष्टी भराव्यात.

होल्डर भक्कम हवा. गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने जात असताना अचानक अडली, तर गाडीतील प्रत्येक सैल वस्तू त्याच वेगाने पुढे झेपावते. अर्ध्या किलोचा टॅब्लेट अशा वेळी दगडासारखा लागतो. हेडरेस्टच्या दांड्यांना आवळून बसणारा होल्डर घ्यावा. नुसत्या रबराच्या चोषकाने चिकटणारा घेऊ नये. पडदा नीट दिसावा म्हणून मुले पट्टा काढून पुढे सरकतात, तेही चालू देऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसनाशिवाय नेल्यास हजार रुपये दंड आहे. पण दंडापेक्षा मूल महत्त्वाचे, हे कुणालाही सांगावे लागू नये.

आणि चालक? पडदा त्याला कोणत्याही कोनातून दिसता कामा नये. गाडी चालवताना चालकाने चित्रफीत पाहू नये, असे २०१७ च्या वाहनचालन नियमांत स्पष्ट आहे. सूट आहे ती रस्त्याच्या नकाशापुरती. चालकाच्या शेजारी बसलेल्याने मोबाइलवर क्रिकेटचा सामना लावणे ही तितकीच धोक्याची गोष्ट. ''स्कोअर काय झाला?'' म्हणून वळलेली एक नजर पुरेशी असते.

कान सांभाळा

गाडीत इंजिनाचा, रस्त्याचा आवाज असतो. त्यावर मात करायला मुले हेडफोनचा आवाज चढवत नेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मुलांनी ७५ डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपेक्षा अधिक ऐकू नये. आवाज वाढला की ही सुरक्षित मुदत झपाट्याने घटते. मुलांसाठी आवाजाला मर्यादा घातलेले हेडफोन मिळतात, पण बऱ्याच हेडफोनमध्ये ती मर्यादा ८५ डेसिबलची असते. त्यामुळे ते घेतले तरी लक्ष ठेवणे सुटत नाही. साधी खूण अशी : हाताच्या अंतरावरून हाक मारली आणि मुलाने 'ओ' दिली नाही, तर आवाज जास्त आहे.

उन्हाचा दगा

मे महिन्यात जबलपूरच्या परिसरात पारा ४२-४३ अंशांवर जातो. बंद गाडीत तो याहून कितीतरी वर चढतो. बहुतेक टॅब्लेट ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी आणि ४५ अंशांपर्यंत ठेवण्यासाठी बनवलेले असतात. धाब्यावर जेवायला उतरताना टॅब्लेट आणि पॉवर बँक काचेखाली ठेवून जाऊ नये. पिशवीत घालून बरोबर न्यावी. बॅटरी फुगलेली, पडदा उचललेला दिसला तर तो टॅब्लेट चार्ज करणे तत्काळ थांबवावे.

पुढे विमानाने जायचे असेल, तर पॉवर बँक हातातल्या सामानातच न्यावी लागते, मोठ्या बॅगेत चालत नाही. शंभर वॅट-तासांपर्यंतची बँक बिनपरवानगी नेता येते. २०,००० एमएएचची बँक साधारण ७४ वॅट-तासांची भरते. रेल्वेच्या डब्यात रात्री चार्जिंग बंद असू शकते, तेव्हा दिवसाच सोय करावी, आणि चित्रपट हेडफोन लावूनच पाहावा. शेजारचा प्रवासी आपल्या मुलांच्या कार्टूनचे तिकीट काढून आलेला नसतो.

किती वेळ, आणि काय?

बाजारातील कोणताही पडदा मुलासाठी किती वेळ योग्य, हे खोक्यावर लिहिलेले नसते. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेची शिफारस अशी, की दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली. मोठ्या मुलांसाठीही सहा तासांचा प्रवास म्हणजे सहा तासांचा पडदा नव्हे. लखनादौन ते सिवनी हा तुलनेने कंटाळवाणा टप्पा चित्रपटासाठी ठेवावा आणि बाकीचा रस्ता खिडकीसाठी.

कारण या खिडकीबाहेर पाहण्यासारखे पुष्कळ आहे. किपलिंगचे 'द जंगल बुक' १८९४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील मोगलीचे जंगल म्हणजे हेच सिवनीचे डोंगर, आणि त्यात येणारी वैनगंगा छपाऱ्याला याच रस्त्याखालून वाहते. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर मोगली पाहून मोठे झालेले आईबाप आज मुलांना तेच कार्टून टॅब्लेटवर लावून देतात. मूल पडद्यावरचे जंगल पाहत राहते आणि मोगलीचे खरे जंगल काचेबाहेरून मागे निघून जाते. पेंचच्या महाराष्ट्राच्या बाजूला तर वन्यप्राण्यांसाठी रस्ता उचलून पुलांवर घेतला आहे. त्या पुलांखालून वाघ ये-जा करताना कॅमेऱ्यांनी टिपले आहेत. छपाऱ्याच्या आधी कार्टून दाखवावे, छपारा आले की बंद करावे आणि ''आता ओळख पाहू, ही कोणती नदी?'' असे विचारावे. पडद्याचा याहून चांगला उपयोग नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. पनागर-जबलपूरची मुले शाळेत हिंदी-इंग्रजी बोलतात, मित्रांत हिंदी. मराठी उरते ती आईच्या हाकेपुरती. मग नागपूरला आजी काही विचारते आणि नातू तिला हिंदीत उत्तर देतो. आजी हसून घेते, पण मनातून हिरमुसते. प्रवासाचे हे सहा तास ही उणीव भरून काढायला हाताशी असतात. कार्डावर दोन हिंदी चित्रपट असतील तर दोन मराठीही असावेत. पंढरपुरातल्या लेकरांची 'एलिझाबेथ एकादशी' (२०१४) किंवा विदर्भातील खेड्यात घडणारा 'नाळ' (२०१८) ही मुलांना सहज रमवणारी नावे. आजी बरोबर असेल तर १९५३ चा 'श्यामची आई' ती पुन्हा पाहील आणि नातवंडांना अवघड शब्द समजावून सांगेल. मागच्या सीटवर असा एक चित्रपट सगळ्यांनी मिळून पाहिला, तर नागपूरला पोहोचेपर्यंत मुलांच्या तोंडी दहा-वीस मराठी शब्द नवे बसलेले असतात.

बिल मागायला विसरू नका

खरेदी कुठेही केली तरी पक्के बिल आणि वॉरंटीचे कार्ड घ्यावे. सर्व्हिस सेंटर जबलपुरातच आहे की नागपूर-भोपाळला पाठवावे लागते, हे आधी विचारावे. वस्तू पहिल्या आठवड्यातच घरी दोन-तीन तास सलग चालवून पाहावी, प्रवासाच्या दिवशी पहिल्यांदा उघडू नये. दुकानदाराने बिघाडाची दाद घेतली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तेथे तक्रार नोंदवता येते आणि बिल हाती असेल तर ती तक्रार भक्कम ठरते.

थोडक्यात, वर्षातून एकदोनदाच प्रवास होत असेल तर जुना मोबाइल, घरात चकत्यांचा साठा असेल तर यूएसबी असलेला डीव्हीडी प्लेअर, आणि दोन-तीन मुले व वारंवार प्रवास असेल तर मेमरी कार्डाची सोय असलेला टॅब्लेट. त्याबरोबर भक्कम होल्डर, पुरेशा वॅटचा चार्जर आणि आवाजाला मर्यादा असलेले हेडफोन घ्यावेत. खर्चात काटकसर करायचीच असेल तर पडद्याचे दोन इंच कमी करावेत, होल्डर आणि चार्जरवर मात्र करू नये.